पाच मुलांचा जॅझ गट: सुरुवात कुठून करावी? (ठाणे–नवी मुंबई)

मासुंदा_कीज

नमस्कार मंडळी,

१३ ते १७ वयाची पाच मुलं जमली आहेत आणि त्यांचा छोटा जॅझ गट बांधायचा आहे. आल्टो सॅक्सोफोन (वाशी), कीबोर्ड आणि गिटार (दोघं ठाणे पश्चिम), ड्रम्स (ऐरोली, मुलगा मुळात तबल्याचा) आणि गायिका (ठाणे, ख्याल शिकते, स्टाफ नोटेशन वाचत नाही). बास वाजवणारं कुणी नाही. वाद्यं वाजवणारी मुलं पाश्चात्य संगीताच्या परीक्षांत तिसऱ्या-चौथ्या ग्रेडच्या आसपास आहेत, म्हणजे कागद समोर असला की हात चालतात.

कागद काढला की गाडी अडते. ‘सी मेजर स्केलमधून काहीही वाजवा’ म्हटलं की स्केलच ऐकू येतं, वर चढतं आणि खाली उतरतं. ड्रमवाला मिनिटाला १०० मात्रांवर सुरू करतो आणि संपवतो १२० ला. गिटार आणि कीबोर्ड दोघंही पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर) भरत राहतात. बारा बारचा ब्लूज (चार-चार मात्रांचे बारा गट, फेरीने परत परत) वाजवायला घेतला तर तिसऱ्या फेरीला प्रत्येक जण वेगळ्या बारवर असतो.

विचारायचं आहे ते असं. पहिलं गाणं कोणतं घ्यावं आणि ते कसं बसवावं? फ्लॅटमध्ये तालीम करायची तर ड्रमचं काय? मार्गदर्शक कसा निवडावा आणि किती दिवसांनी बोलवावा? आणि ग्रेड परीक्षांचा यात उपयोग आहे का? जूनपासून दिवाळीपर्यंतचा वेळ हातात आहे. त्यानंतर दोघांची दहावी-बारावी डोक्यावर येईल.

पांढरी_एक

स्केल बाजूला ठेवा, ब्लूज घ्या. ‘सी जॅम ब्लूज’ने सुरुवात करा. अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या या चालीत दोनच सूर आहेत, प आणि वरचा सा (पांढरी एकमध्ये, म्हणजे सी हा सा धरून). चाल पाच मिनिटांत बसते, त्यामुळे सगळा वेळ लय आणि फॉर्मला (बारांच्या ठरलेल्या फेरीला) देता येतो. मूळ रेकॉर्डिंग मुलांनी वाद्य हातात न घेता आठवडाभर ऐकावं, रोज दोनदा. चाल गाता आली की मगच वाद्य. कागद तेव्हाही नको.

फॉर्म हरवतो याचं कारण मुलं बार मोजतात. एक ते बारा मोजता मोजता सोलो वाजवणं मोठ्यांनाही जमत नाही. तुमच्याकडे तबल्याचा मुलगा आहे, त्याचा उपयोग करा. चार मात्रांचे चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. ब्लूजची एक फेरी म्हणजे बरोब्बर तीन आवर्तनं. पहिलं आवर्तन घरात (म्हणजे मूळ कॉर्डवर), दुसरं आवर्तन घराबाहेर पडून परत, तिसरं आवर्तन पूर्ण वळसा घेऊन घरी. हे एकदा कानात बसलं की आकडे लागत नाहीत.

कॉर्ड सोपे ठेवा. पहिली ओळ: सी सेव्हन चारही बार. दुसरी: एफ सेव्हन दोन बार, सी सेव्हन दोन बार. तिसरी: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, आणि शेवटचे दोन बार सी सेव्हन.

आता गायिकेसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच, सर्वांत महत्त्वाचा भाग. प्रत्येक कॉर्डचा (त्याच्या पायाच्या सुरापासून मोजून) तिसरा आणि सातवा सूर सरगममध्ये लिहून गाऊन घ्या, सा म्हणजे पांढरी एक:

सी सेव्हन: ग, कोमल नी
एफ सेव्हन: कोमल ग, ध
डी मायनर सेव्हन: म, सा
जी सेव्हन: म, शुद्ध नी
परत सी सेव्हन: ग, कोमल नी

पाचव्या बारला ग कोमल होतो आणि कोमल नी उतरून ध वर येतो. दोन्ही सूर अर्ध्याच पायरीने खाली सरकतात. ब्लूजचं ‘वळण’ म्हणतात ते एवढंच. ख्याल शिकणाऱ्या मुलीला हा बदल वाद्यवाल्यांच्या आधी ऐकू येईल, तेव्हा पहिल्या महिन्यात तिला गटाचा कान करा. दोन गट पाडा: एक प्रत्येक जोडीतला पहिला सूर गातो, दुसरा त्यातला दुसरा, खाली फक्त बोटांनी टाळी. पाचही जणांना न चुकता सहा फेऱ्या गाता आल्या की सोलो सुरू करा.

सोलोला आधी एकच सूर द्या: सा. लयीत काय करता येतं ते त्यांना शोधू द्या. दुसऱ्या आठवड्यात सा, कोमल ग, म. नियम एकच, एक बार वाजवायचं आणि एक बार गप्प बसायचं. गप्प बसलेल्या बारमध्येच मुलं बाकीच्यांना ऐकायला शिकतात. स्केल वर-खाली वाजण्याची तुमची तक्रार याने दोन-तीन तालमींत निम्मी होईल, कारण तीन सुरांत चढायला जागाच नाही.

१२० च्या लयीत एक फेरी २४ सेकंदांची. चाल दोनदा, पाच जणांच्या प्रत्येकी दोन फेऱ्या, शेवटी चाल दोनदा, एकूण १४ फेऱ्या, साडेपाच मिनिटांच्या थोडं वर. याहून लांबवू नका. तिसरी फेरी मागणाऱ्या मुलाकडे सहसा सांगायला काही उरलेलं नसतं.

कळवा_राइड

ड्रमचं मी सांगतो.

लय पळते ती बहुतेक वेळा भराव (ठेक्याच्या मधे टाकलेले जास्तीचे ठोके) टाकताना. तबल्याच्या मुलाचा हात तिहाई घेऊन समेवर आदळायला शिकलेला असतो. इथे प्रत्येक चौथ्या बारला तो छोटी तिहाई टाकतो, समेवर लवकर पोहोचतो, आणि तिथून सगळा गट दोन पावलं पुढे. पहिला महिना भराव पूर्ण बंद. बारा बार संपले हे दाखवायला राइडवर (मोठ्या झांजेवर) एक ठळक ठोका, बस.

मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचा ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजा. म्हणजे लय १२०. आधी सगळ्यांनी नुसतं ‘दोन... चार...’ म्हणायचं, मग मधे ‘एक’ आणि ‘तीन’ भरायचे, मग वाजवायचं. हमखास होणारी चूक: चार-पाच बारनंतर मुलं नकळत ठोक्याला ‘एक’ धरतात. वजन समेवर टाकायची सवय आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे. तसं झालं की थांबवायचं, बोलून दाखवायचं, परत सुरू. हे जमलं की मेट्रोनोम ३० वर, फक्त चौथ्या मात्रेला.

स्विंगसाठी (जॅझच्या झुलत्या लयीसाठी) त्याला सांगा: प्रत्येक मात्रेचे तीन भाग कर, मधला गाळ. राइडचा ठेका ‘टिंग, टिंग-ट, टिंग, टिंग-ट’, आणि तो ‘ट’ तिसऱ्या भागावर. डाव्या पायाने हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) दोन आणि चारवर. एवढंच. लय वाढेल तसं हे तीनात वाटलेलं विभाजन सपाट होत जातं, २०० च्या पुढे मात्रेचे जवळपास दोन सारखे भाग. म्हणून ‘स्विंग म्हणजे २:१’ असं पाठ करून देऊ नका. संथ लयीत तेवढं ठीक आहे.

मोजमाप: प्रत्येक टेक फोनवर रेकॉर्ड करा, टॅप करून लय मोजणाऱ्या ॲपवर सुरुवातीचे आठ बार आणि शेवटचे आठ बार मोजा. फरक चारच्या आत आणा. आकडा समोर आला की मुलं वाद घालत नाहीत.

फ्लॅटमध्ये पूर्ण सेट आणूच नका. राइड, हाय-हॅट, स्नेअर (समोरचा छोटा ड्रम) आणि काठ्यांऐवजी तारांचे ब्रश पुरेत. राइडच्या खालच्या बाजूला कापडी टेपची वीतभर पट्टी लावली की झणझणाट बराच कमी होतो. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि टॉम (मधले ड्रम) नसले तर जॅझचं काही अडत नाही, मुलाचं अडतं. इलेक्ट्रॉनिक सेट घेतला म्हणजे शेजारी सुटले असंही नाही. पॅडचा आवाज हवेतून जात नाही, पण किकच्या पेडलचा धक्का स्लॅबमधून खालच्या मजल्यावर थेट उतरतो. रबरी मॅट त्याला पुरत नाही. १८ मिमी एमडीएफचे चार बाय चार फुटांचे दोन तक्ते आणि मधे वीस-पंचवीस टेनिस बॉल, असा चौथरा करून त्यावर सेट ठेवा. खालच्या तक्त्याला बॉलच्या व्यासापेक्षा लहान भोकं पाडली की बॉल सरकत नाहीत.

नियमाचं म्हणाल तर निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सॅक्सोफोन बंद खोलीतसुद्धा ५५ सहज ओलांडतो, तेव्हा कायदा दाखवायला जाऊ नका. सोसायटीच्या सेक्रेटरीला वेळ आधी सांगा, दुपारी दोन ते चार टाळा, दीड तासात संपवा. ॲम्प जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवा, भिंतीकडे पाठ करून नको. आणि ॲम्पचा आवाज ड्रमच्या ब्रशला बघून ठरवा. ब्रश ऐकू येत नसतील तर चुकी ड्रमची नाही.

कोपरखैरणे_बेस

बास नाही हे वाचून वाईट वाटलं, पण धक्का बसला नाही. 😀

तात्पुरता उपाय कीबोर्डचा डावा हात. एका मात्रेला एक सूर, चारही मात्रा. पहिल्या मात्रेला कॉर्डचा पाया, दुसऱ्या-तिसऱ्याला कॉर्डमधलेच सूर, चौथ्याला पुढच्या पायाच्या अर्धी पायरी वर किंवा खाली. डी मायनर सेव्हनवर डी, एफ, ए, ए फ्लॅट, तिथून जी सेव्हनवर जी, बी, डी, डी फ्लॅट, मग सी. आधी फक्त डावा हात, उजवा मांडीवर. दोन आठवडे तरी. दोन्ही हात एकदम सुरू केले की डावा हात उजव्याच्या लयीत अडकतो आणि चालण्याऐवजी लंगडतो.

हा डावा हात चालू असताना उजव्याने तिसरा आणि सातवा एवढेच दोन सूर धरायचे. पाचवा नको, पाया तर नकोच. आणि गिटारवाल्याला तेव्हा जवळपास हद्दपार करायचं. दोघांची टक्कर होते ती एकाच पट्ट्यात दोघं कॉर्ड भरतात म्हणून. नियम साधा: एका फेरीला एकाच जणाची कॉर्डची साथ. सॅक्सच्या सोलोला कीबोर्ड, गायिकेच्या सोलोला गिटार. गिटार साथीला असेल तेव्हा सहावी, चौथी आणि तिसरी तार, तीनच सूर, चारही मात्रांना आखूड ठोका, डाव्या हाताची पकड लगेच सैल. अमेरिकन पियानोवादक काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीनने १९३७ पासून १९८७ पर्यंत हेच काम केलं आणि सोलो जवळपास घेतलेच नाहीत. रॉकमधून आलेल्या मुलाला हे शिक्षा वाटेल, वाटू द्या. डिस्टॉर्शनचं पेडल मात्र घरीच ठेवायला सांगा.

कीबोर्डवरची ‘स्विंग’ स्टाइल (यंत्राची तयार साथ) कधीही लावू नका. ती लागली की ऐकायचं काम यंत्र करतं. ट्रान्स्पोजच्या (पट्टी आपोआप बदलणाऱ्या) बटणावरही बंदी घाला. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांची ती सवय आहे, पण त्याने मुलाच्या डोळ्यांना एक पट्टी दिसते आणि कानाला दुसरी ऐकू येते. बासचा हात तर साफ बिघडतो.

रीड_अडीच

सॅक्सोफोनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

आल्टो ई फ्लॅट वाद्य आहे. सॅक्सवाल्याने कागदावरचा सी वाजवला की पियानोवर ई फ्लॅट ऐकू येतो. म्हणून पियानोच्या सीसाठी त्याने ए धरायचा. ‘सी जॅम ब्लूज’ त्याच्यासाठी ए मध्ये, चालीचे दोन सूर ई आणि ए. बोटांना सोपं आहे. पट्टी मिळवताना पियानोचा ए द्यायचा आणि त्याने एफ शार्प वाजवायचा. तालमीत सूर सांगताना नेहमी ‘पियानोचा’ किंवा ‘आल्टोचा’ असं आधी म्हणा, नाहीतर दहा मिनिटं त्यातच जातात. आणि तयार कागद घेणार असाल तर ई फ्लॅटची प्रत वेगळी मिळते ती घ्या. मुलाला डोक्यात बदलून वाजवायला लावायचं ते पुढच्या वर्षी.

एसी खोलीत वाद्य थंड असताना सूर खाली असतो. दहा मिनिटं वाजवून मग मिळवा. माउथपीस कॉर्कवर आत सरकवला की सूर चढतो, बाहेर काढला की उतरतो. कीबोर्ड हलत नाही, तेव्हा बाकी सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

जिभेचं: मुलं प्रत्येक सुराला ‘तू तू तू तू’ करतात आणि स्विंग मरतो. मात्रेच्या मधल्या सुराला जीभ लावायची आणि तिथून मात्रेवरच्या सुरावर घसरत यायचं. आधी तोंडाने ‘दू-दा, दू-दा’ म्हणून घ्या. रोज दहा मिनिटं लांब सूर, त्याला सुट्टी नाही.

तुम्ही जूनमध्ये सुरू करताय, म्हणजे पावसाळ्याचं सांगायलाच हवं. हवेतल्या ओलीने पॅड (भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या) भोकाला चिकटतात, सर्वांत आधी जी शार्पचा, मग खालचा सी शार्प आणि ई फ्लॅट. की दाबूनही सूर बदलला नाही तर मुलाला वाटतं आपलं बोट चुकलं. सिगारेटचा पातळ कागद पॅडखाली ठेवायचा, की हलकेच दाबून सोडायची, दोन-तीनदा. दाबलेला असताना कागद ओढायचा नाही, पॅडचं चामडं फाटतं. टाल्कम पावडर तर अजिबात नको, ती ओल धरून पॅडवर थर करते. वाजवून झालं की आत कापड ओढून पुसायचं, केस पंख्याखाली दहा मिनिटं उघडी ठेवायची, आणि ते ओलं कापड केसमध्ये किंवा बेलमध्ये (वाद्याच्या रुंद तोंडात) कोंबून ठेवायचं नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ ते कापड असतं.

रीड (माउथपीसवरची पातळ पट्टी) दोन किंवा अडीच नंबरची. चार रीडवर १ ते ४ आकडे घालून पाळीपाळीने वापरा, सपाट काचेवर किंवा रीडकेसमध्ये वाळवा. एकच रीड रोज वापरली की ती महिन्यात मरते आणि मूल नकळत जास्त चावायला लागतं. सूर चिरका होतो तो तिथून.

मासुंदा_कीज

सगळ्यांचे आभार. तीनतालाची युक्ती तर उद्याच. एक शंका: गायिका मायनर कॉर्डवर काफी लावते आणि ते कानाला छान लागतं. ते चालू द्यावं की मोडावं? तानपुऱ्याचं ॲप ती सुरूच ठेवते.

षड्ज_फिरता

काफी चालू द्या, तानपुरा बंद करा.

पाश्चात्य मोडांच्या (स्केलच्या प्रकारांच्या) नावांनी काफी थाट म्हणजे डोरियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, कल्याण म्हणजे लिडियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन. सूर सगळे तिच्या ओळखीचे आहेत. फरक षड्जाचा आहे. आपल्या संगीतात तो मैफल संपेपर्यंत हलत नाही, आणि प्रत्येक सुराचा अर्थ त्याच्याशी असलेल्या अंतराने ठरतो. इथे खालचा पाया दर बारला बदलतो, म्हणून तोच म एका बारला विश्रांतीचा आणि पुढच्या बारला अडलेला. तानपुरा चालू असेल तर तिला हा बदल ऐकूच येणार नाही. पांढरी_एक यांच्याशी इथे थोडा मतभेद आहे: ब्लूजमध्ये सगळंच एका पट्टीभोवती फिरतं, म्हणून गाणाऱ्या मुलीला षड्ज हलल्याचा धक्का त्यात पुरेसा बसत नाही.

त्यासाठी दुसरं गाणं ‘सो व्हॉट’ घ्या, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधलं. ३२ बार: १६ बार डी डोरियन, ८ बार ई फ्लॅट डोरियन, परत ८ बार डी. तिच्या भाषेत: पांढरी दोनमध्ये काफी, तीनतालाची चार आवर्तनं; मग षड्ज अर्धी पायरी वर, काळी दोनमध्ये काफी, दोन आवर्तनं; मग उतरून पुन्हा दोन. आधी फक्त दोन्ही षड्ज गाऊन घ्या, बदलाच्या जागेवर, साथीशिवाय. मग सा-रे-ग-रे-सा एवढंच दोन्हीकडे. ती मीडेने सरकून वरच्या षड्जावर जाईल, म्हणजे बदल अर्धा बार उशिरा पोहोचेल. तो सूर सरळ, मात्रेवर लागला पाहिजे.

बाकी तिची सवय मोडण्यासारखं आहे ते एकच: लांब आ-कार. त्यात मात्रा दिसत नाहीत. तिला सॅक्सच्या ओळी ‘दू-बा-दा’ अशा अक्षरांत गाऊ द्या. बोल म्हणायची सवय असलेला तबल्याचा मुलगा यात तिला मागे टाकेल, त्याचा फायदा घ्या. चार बार तिचे, चार बार ड्रमचे, सवाल-जवाब. फक्त त्याने जवाब देताना तिची लय उचलावी, आपली तयारी दाखवू नये.

पांढरी_एक

मतभेद मान्य. पण ‘सो व्हॉट’ सहाव्या आठवड्याआधी नको. आठ आठ बार एकाच कॉर्डवर राहिले की नवख्या मुलांना काय वाजवावं सुचत नाही आणि ते परत स्केल घोटतात.

ट्रान्सहार्बर_स्विंग

मार्गदर्शक, परीक्षा आणि जागा, तिन्हीबद्दल.

जागा आधी, कारण ती सोपी आहे. मुलं ठाणे, ऐरोली आणि वाशीची आहेत. ऐरोलीत जमलात तर ट्रान्सहार्बरने (ठाणे–वाशी लोकलने) कुणालाच गाडी बदलावी लागत नाही. तालीम शनिवारी ठेवा. रविवारी ठेवलीत की मेगाब्लॉक नेमका हार्बर किंवा ट्रान्सहार्बरवर निघतो आणि सॅक्सवाला वाशीतच राहतो.

मार्गदर्शक दर आठवड्याला नको. तीन आठवड्यांतून एकदा, नव्वद मिनिटं. दर आठवड्याला आला की मुलं त्याच्यासाठी वाजवायला लागतात आणि मधल्या दिवसांत एकमेकांना ऐकत नाहीत. मधल्या दोन तालमी तुम्ही घ्या, तेवढं तुम्हाला येतंच आहे.

निवडताना प्रमाणपत्रांपेक्षा एक गोष्ट बघा: तो वाद्य घेऊन येतो का आणि मुलांमध्ये बसून वाजवतो का. फळ्यावर सात मोड लिहून देणारे पुष्कळ मिळतील. मुंबईत जॅझ शेजारी बसूनच पुढे गेला. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून आलेले वादक रात्री हॉटेलच्या बँडमध्ये आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला असत, आणि नवा वादक जुन्याच्या खुर्चीला खुर्ची लावून शिकत असे. चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट आणि संगीतकार सी. रामचंद्रांची गाणी हे त्यातलंच नातं. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुम्ही आमच्यात बास वाजवाल का?’ बास किंवा ड्रम्सवाला मार्गदर्शक मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो आत बसला की गटाची लय त्याच दिवशी सुधारते आणि सुधारलेली लय कशी लागते हे मुलांच्या अंगाला कळतं. तुमच्याकडे बास नाहीच, तेव्हा आधी बासवालाच शोधा.

त्याच्या येण्याच्या तीन दिवस आधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणि एकच प्रश्न पाठवा. ‘मुलं कशी वाजवतात ते बघा’ असं नको, ‘नवव्या बारला सगळे का थबकतात’ असं हवं. तो गेल्यावर प्रत्येक मुलाने एका ओळीत लिहायचं: आज माझ्या वाजवण्यात काय बदलायचं ठरलं. पाच ओळी, एका वहीत. पुढच्या भेटीला वही त्याच्यासमोर. पैसे, वेळ आणि रद्द झाल्यास काय, हे आधी मेसेजवर लिहून घ्या. भेट असेल तेव्हा एक पालक घरात हवा, आणि मुलांचे व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय कुणी टाकायचे नाहीत, मार्गदर्शकानेसुद्धा.

ऑनलाइन मार्गदर्शक चालतो, पण बरोबर वाजवायला नाही. साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की दोन वादक एकमेकांची वाट बघत संथ होत जातात, आणि व्हिडिओ कॉलचा उशीर त्याच्या कितीतरी पट असतो. त्याने चार बार वाजवायचे, मुलाने ऐकून परतवायचे, असं चालेल. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर ते सॅक्सचा लांब सूर पंख्याचा आवाज समजून गिळून टाकतं.

कानाचं काम त्याच्याकडून ठरवून घ्या. प्रत्येकाने एका रेकॉर्डिंगमधला सोलो कानाने उचलायचा, आठवड्याला चारच बार. क्रम असा: मूळ वेगात वीसदा ऐकणं, मग गाणं, मग ७५ टक्के वेगाने वाद्यावर, मग मूळ वेगाला मूळ वादकाबरोबर, आणि हवंच असेल तर सगळ्यात शेवटी लिहिणं. ‘सो व्हॉट’वरचा माइल्सचा सोलो सुरुवातीला चांगला, सूर कमी आणि मोकळी जागा भरपूर. बोटं दाखवणाऱ्या व्हिडिओवरून शिकलेलं धरू नका. सूर बरोबर येतात, पण कुठे रेंगाळायचं आणि कुठला सूर गिळायचा हे येत नाही, आणि शिकायचं तेच असतं. आयरियल प्रोसारखं साथीचं ॲप घरी एकट्याने वाजवायला ठीक. गट जमलेला असताना नको.

परीक्षा: एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या जॅझ परीक्षा पाचव्या ग्रेडपर्यंतच आहेत. त्यात इम्प्रोव्हायझेशन (तिथल्या तिथे सुचेल ते वाजवणं) असतं, ‘क्विक स्टडी’ (नवा छोटा तुकडा लगेच वाजवणं) असतो, म्हणजे नुसतं पाठांतर चालत नाही. कीबोर्डवाल्या मुलाला तारीख ठरलेली असण्याचा फायदा होईल. पण साथ कशी द्यायची आणि कधी थांबायचं याला त्यात गुण नाहीत. यंदा गटाचं बघा.

प्रत्यक्ष ऐकायला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचे कार्यक्रम बघत राहा. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, त्याच्या आगेमागेही शहरात काही ना काही असतं. बारमधल्या मैफलींना या वयाची मुलं नेता येत नाहीत, सभागृहच हवं. ठाण्याहून किंवा वाशीहून सीएसएमटी आणि तिथून बस किंवा टॅक्सी, परतीचा हिशेब आधी करून ठेवा. जाताना प्रत्येकाला एकच काम द्या: सॅक्सवाल्याने फक्त बासकडे बघायचं, गिटारवाल्याने पियानोवाला कधी वाजवत नाही ते मोजायचं. आपल्या वाद्याकडे बघू दिलंत तर ते फक्त वेग बघून येतात.

मासुंदा_कीज

बासवाला मार्गदर्शक हे डोक्यातच आलं नव्हतं. ऐरोली आणि शनिवार नक्की करते. शेवटचं: गाणं संपवायचं कसं? आमचं विरून जातं आणि सगळे माझ्याकडे बघतात.

कोपरखैरणे_बेस

तुमच्याकडे बघतात तिथेच चूक आहे. प्रत्येक गाण्याला मुलांतलाच एक नेता ठरवा, तोच मोजून सुरू करेल आणि तोच संपवेल. सुरुवात ‘एक... दोन... एक दोन तीन चार’ अशी, पहिले दोन अर्ध्या लयीत. शेवटच्या सोलोच्या दहाव्या बारला नेत्याने डोक्याला हात लावायचा, म्हणजे पुढच्या फेरीला चाल. शेवटच्या चालीची तिसरी ओळ तीनदा वाजवायची, तीनतालाची तीन आवर्तनं, आणि तिसऱ्यांदा अकराव्या बारच्या पहिल्या मात्रेला सगळ्यांनी एक आखूड ठोका मारून थांबायचं. तबल्याच्या मुलाला सांगा, तिहाई इथे चालेल.

कळवा_राइड

+१. आणि हा शेवट तालमीच्या पहिल्या दहा मिनिटांत बसवा, शेवटच्या नव्हे. तेव्हा मुलांना लोकल पकडायची घाई असते.